बारा कोपऱ्यांची खोली

"आपल्याकडे भिंत संपते आणि लगेच छत सुरू होतं," ही म्हणाली. "मध्ये काहीच नाही."

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. न्यू जर्सीत सकाळ उलटत आली होती आणि लेक मोबाइल उंच धरून तिचं नवं घर आम्हांला दाखवत होती. मोबाइल उंच धरल्यामुळे घर कमी आणि छत जास्त दिसत होतं. त्या छताच्या कडेने, सगळ्या खोल्यांतून, पांढरीशुभ्र नक्षीदार लाकडी पट्टी फिरली होती. "क्राउन मोल्डिंग, आई," लेक म्हणाली. "ह्याने स्वतः बसवलंय." 'ह्याने' म्हणजे जावयांनी. ते मागे शिडीवर उभे होते आणि बोटाला पट्टी बांधलेली होती.

मी 31 वर्षं माध्यमिक शाळेत भूमिती शिकवली आहे. दोन प्रतलं छेदली की मध्ये एक रेषा मिळते, हे मी आठवीच्या किती तुकड्यांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. भिंत आणि छत यांच्यामध्येही ती असतेच. तसं मी हिला सांगितलं.

"ती तुमची रेषा पाहुण्यांना दिसते का?"

रेषेला जाडी नसते, हेही मी शिकवलेलं असल्यामुळे गप्प बसलो.

आपल्याकडे या प्रकाराला कोणी क्राउन मोल्डिंग म्हणत नाही. पुण्यात विचाराल तर 'पीओपीची कॉर्निस' म्हणतील. कारागीर तिची कारनिस करतो, आमच्या शेजारचे काका तिला 'बॉर्डर' म्हणतात. जुना मराठी शब्द मात्र फार गोड आहे : कंगणी. तो ऐकल्यावर हिने माझ्याकडे असं पाहिलं, की शब्दकोश काढल्याचा मला पश्चात्ताप झाला. "म्हणजे खोलीची कांकणंच की! आणि आपली खोली इतकी वर्षं लंकेची पार्वती!"

खरं तर कंगणीचा जन्म नटण्यासाठी झालेला नाही. ग्रीकांच्या देवळांवर ती बाहेरच्या अंगाला असे. पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळू नये, लांब पडावं, एवढंच तिचं काम. मग कोणाला तरी ती देखणी वाटली आणि ती घरात आली. घरात पाऊस नसतो (वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराबद्दल मी आत्ता बोलत नाही), त्यामुळे तिला दुसरं काम मिळालं : भिंत आणि छत जिथे नीट जुळलेले नाहीत, ती जागा झाकायची. आमच्या आजोबांच्या वाड्यात झाकण्यासारखं काही नव्हतं. वर तुळया, तुळयांवर किलचण, सगळं उघडं. खोलीचा आकारही फुटांत सांगत नसत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, आणि आमचं माजघर पाच खणांचं. भिंत छताला भिडायची तिथे चिमण्यांनी स्वतःच्या मताप्रमाणे कंगणी केलेली होती.

असो. शनिवारी आम्ही भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो.

दुकानदाराने विचारलं, "कशात पाहिजे?" हा प्रश्न मला लाकडापेक्षा कापडाच्या दुकानातला वाटला. कंगणी सागवानात मिळते, एमडीएफमध्ये मिळते, 'पीयू'मध्ये मिळते. हा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, दिसायला दगड आणि उचलायला पापड. थर्माकोलमध्येही मिळते, पण ती हातात घेतल्यावर मला शाळेच्या स्नेहसंमेलनातला मुकुट आठवला. आणि जुन्या पद्धतीची, खोलीतच घडवायची, ती पीओपीची. सागाचा भाव ऐकून ही म्हणाली, "पीओपीचं आपल्याकडे बरं टिकतं." हे तिला कोणी सांगितलं होतं, ते मला अजून माहीत नाही.

मग नमुन्यांचा अल्बम आला. पहिल्याच पानावर जगातली एक फार जुनी आणि गाजलेली नक्षी होती. एक अंडं, एक बाण, एक अंडं, एक बाण. अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरावर ती आहे, गेली दोन हजार चारशे वर्षं. मी भारावून हे सांगितलं. हिने अल्बमचं पान उलटलं. "श्रावणात आपण अंडं दाराच्या आत येऊ देत नाही आणि तुम्ही चारी भिंतींवर लावताय?" पुढच्या पानावर दातांसारखे चौकोनी ठोकळे होते. ते तिला कवळीसारखे दिसले. त्याच्या पुढे द्राक्षांचे घोस, मग पंखवाली गुबगुबीत मुलं. शेवटी कमळाच्या पाकळ्यांवर बोट थांबलं.

उंचीचा वाद त्यानंतरचा. हिला सात इंची हवी होती. दुकानदार म्हणाला, "ताई, स्लॅब नऊ फुटांवर असेल तर साडेचार-पाचच्या वर जाऊ नका. खोली बुटकी दिसते." ठेंगण्या नवरदेवाला कोल्हापुरी फेटा बांधल्यावर नवरदेव दिसत नाही, फेटाच वरातीत चालतो, तसं काहीसं. पण हिचा विश्वास बसला नाही. तेव्हा त्याने तीन मापांचे एकेक फुटाचे तुकडे दिले. "घरी नेऊन लावून बघा."

लावून बघायचं म्हणजे मी स्टुलावर उभं राहायचं, दोन्ही हातांनी तुकडा छताशी दाबून धरायचा, आणि हिने सोफ्यावर बसून बघायचं. मग खुर्चीवर बसून. मग स्वयंपाकघराच्या दारातून, कारण "मी तिथूनच जास्त बघणार". मग दिवा लावून, दिवा विझवून. एरेक्थिऑनमध्येच एका ओसरीचं छत सहा दगडी स्त्रियांनी डोक्यावर तोललेलं आहे. त्यांच्याबद्दल मी इतकी वर्षं कौतुकाने बोलत आलो. पाऊण तासानंतर मला त्यांच्याविषयी फक्त सहानुभूती उरली. शेजारचे काका पेपर परत द्यायला आले, वर बघून म्हणाले, "सर, किती वेळ धरायचंय? जेवून येऊ का तोवर?" साडेचार इंची ठरली. माझ्या पाठीने मात्र त्या दिवसापासून वेगळी चूल मांडली.

मिस्त्री राजस्थानचे, नागौरकडचे. "जिप्सम भी उधर का, हम भी उधर के," अशी त्यांनी ओळख करून दिली. पन्नाशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. भुवयांत पीओपी कायमचं बसलेलं. ते आले आणि थेट वर बघत उभे राहिले, डॉक्टर एक्सरेकडे बघतात तसे.

"कितना फूट होगा, सरजी?"

हॉल सोळा बाय दहा. बिल्डरच्या नकाशावर छापलेलं आहे. मी पटकन सांगितलं, "बावन. सोलह अधिक सोलह अधिक दस अधिक दस." हिंदीत अधिकला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवलं नाही.

त्यांनी टेप लावला. "चौवन."

"और कोने?"

या प्रश्नावर मला हसू आलं. आयताला कोपरे किती, हे कोणी मला विचारावं! "चार."

"बारह," मिस्त्री म्हणाले.

आणि ते बरोबर होते. दोन्ही आखूड भिंतींच्या मधून आरसीसीचा एकेक खांब साडेचार इंच आत डोकावतो. त्या खांबांवर आम्ही तेवीस वर्षं कॅलेंडर लावत आलो, पण त्यांना कोपरे असतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक खांबाचे दोन कोपरे आतले, दोन बाहेरचे. एकूण आतले आठ, बाहेरचे चार. मी ते कागदावर मांडलं आणि वजाबाकी केली. आठ वजा चार, चार. खोलीला खांबांनी कितीही ठिकाणी कोपरखळ्या मारल्या तरी ही वजाबाकी चारच येते, आणि हे सिद्ध करता येतं. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली. मिस्त्रींनी प्रत्येक कोपऱ्याचे दीडशे लावले, आतले-बाहेरचे असा भेद न करता.

रनिंग फुटाला 90 रुपये ठरले. कामाच्या आधी ते एका कोपऱ्यात गेले. छताखाली एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमध्ये टेप धरला. माझं ऊर भरून आलं. तीन-चार-पाच! शुल्बसूत्रांतले वेदी आखणारे लोक, पायथॅगोरस, आठवी ब, सगळे एकदम डोळ्यांपुढे उभे राहिले. पाच फूट आले की कोन काटकोन.

टेप म्हणाला पाच फूट एक इंच.

मी पुन्हा धरायला लावलं. पाच फूट एक इंच. विजेच्या बिलाच्या पाठीवर मी कोन काढला. बरोबर 92 अंश. ज्या कोपऱ्यात बसून मी हजारो काटकोन तपासले, शून्य-शून्य मार्क दिले, तो कोपराच विशालकोन होता. मिस्त्रींनी टेप खिशात घातला. "सब घर में ऐसा ही रहता है, सरजी. कारनिस लगती है इसीलिए तो."

"मग दिसणार नाही का?" हिने काळजीने विचारलं.

"ऊपर कौन देखता है?"

सोमवारी पीओपीची पोती वर आली. आता इथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्या सोसायटीत गणपती शाडूचाच हवा म्हणून सलग अकरा वर्षं भांडणारा माणूस मी. पीओपी पाण्यात विरघळत नाही, यावर मी सूचनाफलकावर दीड पान लिहिलं होतं. पोती जिन्याने चढताना प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडलं. कोणी काही बोललं नाही. पुण्यात न बोलण्याचा अर्थ वेगळा असतो.

पण पदार्थ मोठा विलक्षण आहे. जिप्समचा दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजला की तो आपल्यातलं पाऊण पाणी सोडून देतो आणि त्याची भुकटी होते. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीखाली अशा दगडाच्या खाणी होत्या, म्हणून नाव प्लास्टर ऑफ पॅरिस. त्या भुकटीत पुन्हा पाणी घाला. ती गेलेलं पाणी परत घेते आणि दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा दगड. होताना गरमही होते. मी नुकत्याच लावलेल्या भागाला हात लावून पाहिला तर खरोखर अंगात कणकण असल्यासारखा.

या दहा-पंधरा मिनिटांमुळे घरातलं सगळं वेळापत्रक पालटलं. चहा म्हटलं की चहा मिळत नव्हता, कारण घमेल्यात माल कालवलेला असे, आणि माल थांबत नाही. मिस्त्री घोड्यावर चढायचे, काथ्या मालात बुडवून छताशी थापायचे, मग फर्मा ओढायचे. फर्मा म्हणजे पत्र्याचा कापलेला आकार, लाकडाच्या ठोकळ्यात बसवलेला. तो सरळ पट्टीच्या आधाराने मऊ मालावरून ओढत न्यायचा. एकदा, दोनदा, दहादा. दर खेपेला थोडा माल चढतो, थोडा खरवडला जातो, आणि बघता बघता ओबडधोबड चिखलातून वळणदार कड निघते. मी नळावर भांडणारी बाई बघावी तसा तोंड उघडं टाकून बघत होतो. कोपऱ्यापाशी मात्र फर्मा पोचत नाही. तिथे शेवटचा वीतभर भाग हातानेच कोरायचा. दीडशे रुपये कशाचे, ते तेव्हा कळलं. पाकळ्यांची पट्टी वेगळी, साच्यात ओतून आणलेली. एकेक पाकळी चार इंचांची. ती खालच्या कडेला चिकटवत जायची.

प्रत्येक घाण्यानंतर मिस्त्री घमेलं घासूनपुसून लख्ख करायचे. घाईचा माणूस आणि यातच एवढा वेळ का घालवतो, म्हणून मी विचारलं.

"पुराना माल थोड़ा भी चिपका रहा ना सरजी, तो नया बहुत जल्दी पकड़ लेता है. काम का नहीं रहता."

हे रसायनशास्त्रही खरं आहे. जुन्या घट्ट कणांभोवती नवे कण झपाट्याने जमतात. पण ही दारात उभी होती. "ऐकलंत?" ती म्हणाली. "आणि तुम्ही परवा 1998 च्या महाबळेश्वरचं काढलंत."

घरभर पांढरी धूळ होती. पोह्यांवर खोबरं कुठलं आणि पीओपी कुठलं, हे खाल्ल्याशिवाय कळत नव्हतं. इलेक्ट्रिशियन डोकावून गेला, "काका, आतून कोव्ह लाइट टाकून घ्या, फायव्ह स्टार वाटेल." शेजारच्या काकांकडे ते आहे. त्यांच्या कोव्हमध्ये, दिव्याच्या उबेला, एक पाल सहकुटुंब राहते. संध्याकाळी ती फिरायला निघाली की तिची सावली छतावर मगरीएवढी पडते. काकूंनी दोन वर्षांत हॉलमध्ये निवांत बसून मालिका पाहिलेली नाही. हिने इलेक्ट्रिशियनला जिन्यापर्यंत पोचवलं.

मंगळवारी रात्री जावयांचा फोन. त्यांची वरची खोली राहिली होती. "बाबा, तुमची मदत हवी. भूमितीचं आहे."

निवृत्तीनंतर हे वाक्य ऐकायला मी आसुसलेला होतो. तिकडचा प्रकार असा : लाकडी पट्टी भिंतीला चिकटून बसत नाही, भिंत आणि छत यांच्यामध्ये तिरपी राहते. भिंतीशी 38 अंश, छताशी 52. आता अशा दोन तिरप्या पट्ट्या काटकोनात जुळवायच्या तर करवत किती अंशांवर ठेवायची? जावयांनी पंचेचाळीस धरले होते आणि चार पट्ट्या वाया घालवल्या होत्या. पंचेचाळीस येणार नाहीत. पट्टी करवतीच्या पाटावर आडवी ठेवली तर करवत वळवायची 31.6 अंश आणि कलती करायची 33.9 अंश. साइन, टॅन, सगळं आलं. मी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं पण दशांशचिन्ह सोडलं नाही. हिशेब पडताळ्यासह फोटो काढून पाठवला. खाली सही केली.

सकाळी उत्तर आलं. "बाबा, तुमचं उत्तर बरोबर आहे. भिंत चुकली आहे."

अमेरिकेतही! चार-पाच लाख डॉलरचं घर आणि कोपरा साडेएक्क्याण्णव अंश. मला फार बरं वाटलं, ते जावयांना सांगितलं नाही. पुढे त्यांनी एका जुन्या सुताराचा व्हिडिओ पाहिला. तो म्हातारा आतल्या कोपऱ्यात कोन जुळवतच नाही. एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्यायची, आणि दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीबरहुकूम बारीक करवतीने कोरून तिच्यावर बसवायचं. कोपरा नव्वदचा असो की ब्याण्णवचा, फट दिसत नाही. माझे 31.6 आणि 33.9 अंश अशा रीतीने निकामी झाले. हिवाळ्यात हीटर लागल्यावर लाकूड आकसतं आणि फटी पुन्हा उघडतात, असं लेक नंतर म्हणाली. मी "अरेरे" म्हणालो.

आमचं काम शनिवारी संपलं. बिल झालं : 54 फूट गुणिले 90, म्हणजे 4,860, आणि बारा कोपऱ्यांचे 1,800. एकूण 6,660.

इथे मी एक गोष्ट केली. नकाशाप्रमाणे घेर बावन्न फूट, खांबांच्या चार बगला साडेचार इंचांच्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे दीड फूट. बेरीज साडेत्रेपन्न. अर्धा फूट जास्तीचा लावला होता. मी मिस्त्रींना समोर बसवून आकृती काढून दाखवली, आणि 45 रुपये वजा केले. त्यांनी वाद घातला नाही. फक्त एकदा लांब भिंतीकडे पाहिलं, टेप कमरेला अडकवला आणि पैसे मोजून घेतले. ही म्हणाली, "कशाला हो?" मी म्हणालो, "प्रश्न पैशाचा नाही, पद्धतीचा आहे."

नव्या पांढऱ्या कंगणीखाली जुन्या भिंती अशा काही दिसायला लागल्या, की त्यांना रंग देणं भाग पडलं. रंगाला 38,000 लागले. रंगापुढे पडदे टिकेनात. पडद्यांचं मी लिहीत नाही.

घर लागल्यावर हिने भिशी घरी बोलावली. अकरा बायका आल्या. बटाटेवड्यांचं कौतुक झालं, पडद्यांचं झालं, फरशी नवीन आहे का, असंही एकीने विचारलं. फरशी 2001 सालची आहे. ही तीन वेळा "काय उकडतंय" म्हणत पंख्याकडे बघत राहिली, की कोणाची नजर वर जाईल. गेली नाही. नंतरच्या रविवारी माझे मेहुणे आले. ते सिव्हिल इंजिनिअर. दोन तास बसले, वर न बघता गेले. जाताना म्हणाले, "घर छान ठेवलंयस, ताई."

सोफा जागेवर सरकवताना माझी पाठ कायमची रुसली. डॉक्टरांनी तीन आठवडे सक्त विश्रांती सांगितली, उताणं, कडक गादीवर. बेडरूममध्ये पंख्याचा आवाज येतो म्हणून गादी हॉलमध्ये टाकली.

अशा रीतीने मी आमच्या कंगणीचा पहिला आणि एकमेव प्रेक्षक झालो. दोन दिवस कौतुकात गेले. तिसऱ्या दिवशी मी पाकळ्या मोजायला घेतल्या. डावीकडची लांब भिंत : अठ्ठेचाळीस. सोळा फूट भागिले चार इंच, अठ्ठेचाळीस. हिशेब चोख. मग उजवीकडची.

एकोणपन्नास.

डोळा चुकला असेल म्हणून उलट्या टोकाकडून मोजल्या. एकोणपन्नास. चहा झाल्यावर मोजल्या. हिलाही मोजायला लावल्या. एकोणपन्नास, आणि वर शंका, की मला ताप आहे का.

एका पाकळीचे चार इंच. उजवी भिंत डावीपेक्षा चार इंच लांब. आणि असणारच होती. कोपरा 92 अंशांचा आहे हे मी स्वतः, स्वतःच्या हाताने, विजेच्या बिलावर काढलं होतं. दहा फुटांवर दोन अंशांचा फरक म्हणजे चार इंच, सव्वाचार म्हणा. पुढची पायरी फक्त मांडायची होती. जी पायरी सोडली म्हणून मी पोरांचे अर्धे मार्क कापत आलो, तीच सोडून मी नकाशावर विसंबलो होतो. खोली बावन्न फुटांची नव्हतीच. बावन्न फूट चार इंच, अधिक दीड फूट, त्रेपन्न फूट दहा इंच. मिस्त्रींनी टेप लावला आणि दोन इंच वर धरून चौपन्न सांगितले. मी पेन लावून चार इंच खाल्ले. नव्वदच्या भावाने तीस रुपये.

पडल्यापडल्या फोन लावला. मागे कुठेतरी घमेलं घासल्याचा आवाज येत होता. माझ्या हिंदीत मी सगळं समजावून सांगितलं. ब्याण्णव अंश, पाकळ्या, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, तीस रुपये.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग मिस्त्री म्हणाले, "सरजी, आपने ऊपर देखा?"